यादीतला पत्ता

दुरुस्तीवालीने सीपीयूचे चार स्क्रू काढून बशीत ठेवले, बाजूचा पत्रा सरकवला आणि आतल्या पंख्यावरून ब्रश फिरवला. खाली वर्तमानपत्र धरून उभे असलेले प्रूफकाका लागोपाठ तीनदा शिंकले.

“बघा, अर्धं दुखणं इथेच आहे,” ती म्हणाली. “केव्हा घेतला हा?”

“सहा वर्षं झाली. आमची ही होती तेव्हा.”

“आणि हळू चालतो म्हणजे किती हळू?”

“बटण दाबून मी आंघोळीला जातो. बाहेर येऊन केस विंचरतो, चहा टाकतो. तरी हा पठ्ठ्या अजून डोळेच चोळत असतो.”

ती हसली. इमारतीत सगळे त्यांना प्रूफकाका म्हणत. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावरही हात थांबला नव्हता. लिफ्टजवळच्या सूचनेत ‘दुरूस्ती’ असं लिहिलेलं त्यांनी तिथल्या तिथे पेनाने ‘दुरुस्ती’ केलं होतं. दुरुस्तीवालीला त्यांनी पहिल्यांदा फोन केला तोसुद्धा तिच्या जाहिरातीतला ‘रु’ ऱ्हस्व हवा हे सांगायला. संगणकाचं त्यानंतर काढलं. पाट्या छापून झाल्यात काका, आता काय करू, असं ती म्हणाली होती. आणि आज, रविवारी सकाळी, पिशवी घेऊन हजर झाली होती.

ती पत्रा बसवत होती तेवढ्यात काकांनी टेबलाच्या खणातून एक फूलस्केप कागद काढला. पट्टीने आखलेला तक्ता होता. डावीकडे पाच अँटीव्हायरसची नावं, वर रकाने: कोणी सुचवला, विकतचा की फुकटचा, मुदत, शेरा. एकाही ओळीत खाडाखोड नव्हती. शेऱ्याचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता.

“थोरली लेक म्हणते विकतचाच घ्या. समोरचे गृहस्थ म्हणतात, फुकटात भागतं. दुकानदार तिसराच सांगतो. मला काही निवड करता येईना.”

तिने तक्ता वाचला, पण हातात घेतला नाही. तिचे हात काळे झाले होते.

“रोज ताजा होणारा हवा आणि एकच हवा. बाकी फारसा फरक नसतो.” तिने संगणक सुरू केला आणि दोघं पडद्याकडे बघत बसली. बराच वेळ नुसती घरघर चालली होती. मग कोपऱ्यात लाल चौकट उघडली, तिच्यावर निळी, आणि दोन्हींच्या मागून आणखी एक पिवळी डोकावली. “हे काय काका! तीन आहेत तुमच्याकडे. तिघं एकमेकांनाच चोर समजून धरत बसलेत. संगणक बिचारा चालणार कधी?”

“निळा थोरलीने फोनवरून टाकायला लावला. पिवळा कुठून आला कोण जाणे.”

“मग निळा ठेवू. चांगला आहे तो. पिवळा काढते.” तिने काढला. “आता हा लाल. अगं बाई, याची मुदत संपून चार वर्षं झाली! हा आता पहारा देत नाही, नुसता ओरडतो.”

“ओरडू दे,” काका म्हणाले.

“अहो, रोज सकाळी तुमचा संगणक धोक्यात आहे म्हणून—”

“मला सवय झाली आहे. राहू दे तो.”

तिने वळून पाहिलं. काका तक्त्याच्या कडा सारख्या करत होते. त्या मुळातच सारख्या होत्या.

“कोणी टाकला होता?”

“धाकट्या मुलाने. संगणक घेतला तेव्हा येऊन त्यानेच सगळं बसवून दिलं. दोन दिवस या खुर्चीवरून उठला नाही. जेवणसुद्धा इथेच.”

लाल चौकट तिने बाजूला सरकवली आणि निळ्याला तपासणीच्या कामाला लावलं. काका आत जाऊन चहा घेऊन आले. घरात दोन कप एकाच नक्षीचे नव्हते. त्यातला धड कानाचा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. इमारतीत लहान मुलं जिन्यात पळत होती. त्यांचा आवाज दारापर्यंत यायचा आणि पुढच्या मजल्यावर निघून जायचा. चहा संपला तरी तपासणी चालूच होती. मग निळ्याने एकाखाली एक ओळी दाखवायला सुरुवात केली.

“सापडलं,” ती म्हणाली आणि पुढे वाकली. “एकच फाईल आहे. पण कितीदा...” ती बोटाने मोजू लागली. “काका, तुम्ही ही अकरा वेळा उतरवून घेतलीत.”

काका खिडकीकडे गेले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“उघडत नव्हती म्हणून,” ते तिकडेच बघत म्हणाले. “मला वाटलं, माझंच काही चुकतंय.”

“फोटो म्हणून आली होती. मेलमधून. बघू का मेल?”

“बघा.”

तिने मेल उघडली. धाकट्याच्या पत्त्यावरून तीन आठवड्यांपूर्वी आलेली. एकच ओळ होती: ‘कसे आहात? हे फोटो तुम्ही नक्की बघा खूपच सूंदर आहे!’ खाली फाईल.

“पाच वर्षांत आलेलं पहिलं पत्र,” काका म्हणाले. ते खुर्चीवर येऊन बसले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागले. “एवढ्याशा ओळीत तीन चुका आहेत. मी एकही मनावर घेतली नाही. फक्त ते ‘तुम्ही’ लागलं. लहानपणापासून मला तो ‘ए बाबा’ म्हणतो. अरेतुरे करतो. म्हटलं, पाच वर्षांत एवढं परकं व्हायचं माणसाने? पण पत्र तर आलं.”

दुरुस्तीवालीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“भांडण झालं होतं?”

“भांडायला समोर तरी यावं लागतं.” त्यांनी चष्मा घातला. “ही आजारी होती ते मी त्याला कळवलं नव्हतं. नवी नोकरी, एवढं लांब, उगीच घोर नको म्हणून. कळवलं तेव्हा उशीर झाला होता. नंतर त्याने चार पानं लिहून पाठवली. हाताने. आईला मला बघूही दिलं नाहीस, असं. मी वाचलं. दोनदा, तीनदा वाचलं. उत्तर सुचेना. चुका मात्र दिसत होत्या. लाल पेन हातात घेतलं आणि चारही पानं तपासून काढली. एकोणीस चुका. समासात खुणा केल्या, पाकिटात घातली आणि परत पाठवून दिली.”

तिने रिकामा कप टेबलावर मागे सरकवला.

“पेटीत टाकलं तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “पण पोस्टाच्या पेटीत हात जात नाही.”

जिन्यातली मुलं पुन्हा खाली पळत गेली. तिने पडद्यावरच्या ओळीकडे बोट केलं.

“काका, हे त्यांनी लिहिलेलं नाही.”

“कोणी लिहिलं मग?”

“कोणीच नाही. त्यांच्या संगणकात व्हायरस शिरलाय. तो त्यांच्या नावाने आपोआप अशा मेल पाठवत सुटतो. ही ओळ यंत्राने जुळवलेली आहे. अशीच ओळ सगळ्यांना गेली असणार. म्हणून ते ‘तुम्ही’.”

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर धरून, छापखान्यात वाचत तशी. मग मान डोलावली.

“म्हणजे त्याला ठाऊकच नाही, मला पत्र आल्याचं.”

“नाही.”

“बरं झालं.” त्यांनी ओशाळून पडद्याच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. “मी उत्तर लिहून ठेवलंय तिथे. पाठवलं नाही अजून. प्रूफ चालू आहे.”

अपूर्ण पत्रांच्या खात्यात एक आकडा दिसत होता. तिने ते उघडलं नाही.

“सगळ्यांना म्हणजे कोणाला?” काकांनी अचानक विचारलं.

“काय?”

“तुम्ही म्हणालात, सगळ्यांना गेली असणार. सगळे म्हणजे कोण?”

“त्यांच्या पत्त्यांच्या यादीत जेवढे आहेत तेवढे.”

“म्हणजे त्या यादीत मी आहे.”

“असणारच. त्याशिवाय इथे आली कशी?”

“अजून आहे,” काका म्हणाले. “त्याने खोडलेला नाही.”

एकदा मेल गेली की मेलचा प्रोग्राम तो पत्ता आपणहून साठवून ठेवतो, वर्षानुवर्षं ठेवतो, माणसाला पत्ताही नसतो, हे ती सांगणार होती. रोज चार घरांत ती हेच सांगायची. तिने तोंड उघडलं, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बशीतला उरलेला स्क्रू उचलून तो घट्ट करायला खाली वाकली.

“लाल काढून टाका,” काका वरून म्हणाले. “उगीच ओरडतो.”

सगळं आटोपलं तेव्हा संगणक मिनिटभरात सुरू होऊ लागला. तिने त्यांच्याकडून नवा पासवर्ड ठरवून घेतला, कुठलीही फाईल आधी तपासल्याशिवाय उघडायची नाही असं दोनदा बजावलं आणि पिशवी उचलली.

“मॅडम, थांबा.” काकांनी तक्त्याचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. “त्याच्या संगणकावरचा हा किडा घालवायला त्याने काय काय करायचं, ते क्रमाने सांगा. मी लिहून घेतो.”

ती दारातच उभी राहून सांगत गेली. आधी इंटरनेटची वायर काढायची. मेलचा पासवर्ड बदलायचा, पण मोबाईलवरून, संगणकावरून नाही. मग अँटीव्हायरस चालवायचा. काकांनी सात मुद्दे लिहिले, प्रत्येकाला आकडा दिला, तिला वाचून दाखवले आणि सहाव्यातली एक वेलांटी नीट केली. ती गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली, उघडली आणि पुन्हा लावली.

धाकट्याचा नंबर थोरलीने फोन केला की दर वेळी दिला होता. त्यांनी दर वेळी लिहून घेतला होता. तो डायरीत चार ठिकाणी होता आणि पाठही होता. काकांनी कागद टेबलावर सरळ ठेवला, त्यावर पट्टी ठेवली आणि फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा वाजता वाजता उचलला गेला.

“हॅलो?”

“मी बोलतोय.”

पलीकडे काही नव्हतं. फोन कट झाला की काय म्हणून काकांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते.

“काय झालं?” धाकट्याने विचारलं. आवाज जाड झाला होता. “बरा आहेस ना?”

“मी बरा आहे. तुझ्या संगणकात व्हायरस आहे.”

“काय?”

“तुझ्या नावाने मला पत्र आलं.”

“मी नाही पाठवलं,” धाकटा म्हणाला.

“माहीत आहे.” काकांनी पट्टी पहिल्या ओळीखाली सरकवली. “म्हणूनच फोन केला. तुझ्या सगळ्या लोकांना असं जात असणार. समोर आहे का संगणक? इंटरनेटची वायर असते ती आधी काढ.”

नाही म्हणेल, किंवा बघतो म्हणेल, अशी त्यांनी वाट पाहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं, उचललं गेलं.

“काढली.”

“आता मोबाईलवरून मेलचा पासवर्ड बदल. नवा मला सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

काका एकेक ओळ वाचत गेले, धाकटा ‘हं’ म्हणत गेला. एका जागी तो अडला, तेव्हा काकांनी तीच ओळ सावकाश पुन्हा वाचली. त्याने ‘कुठला अँटीव्हायरस घालू?’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी निळ्याचं नाव सांगितलं आणि कारणंही सांगितली, दुरुस्तीवालीने सांगितली होती तशीच. तेवढ्यापुरती वायर पुन्हा जोडायची, उतरवून झाला की काढायची. सातव्या मुद्द्याशी पट्टी आली. खाली कोरा कागद होता.

“सुरू झाली तपासणी,” धाकटा म्हणाला. “वेळ लागेल म्हणतोय. तासभर.”

“लागतो.”

“मग...” तो थांबला. “ठेवू फोन?”

काकांनी पट्टी उचलली, खाली ठेवली. लिहून घेतलेलं सगळं संपलं होतं.

“मध्येच अडकते म्हणे कधी कधी,” ते म्हणाले. “लक्ष ठेवावं लागतं. तू आकडा सांगत राहा. मी आहे.”

पलीकडे पुन्हा शांतता झाली, पण या वेळी काकांनी फोन कानापासून दूर नेला नाही. त्या शांततेत पंख्याची बारीक घरघर होती. खुर्ची हळूच सरकली. कोणीतरी नीट टेकून बसल्यासारखी.

“चार टक्के,” धाकटा म्हणाला.

“हं.”

काकांनी सातव्या मुद्द्याखाली चारचा आकडा लिहिला.

“पाच.”