दोन्ही काठांचा आकडा

सोमवार: कोरडं.
मंगळवार: कोरडं.
बुधवार:

इथं ऐसानेमची पेन्सिल अडली. मुयनाकच्या काठावरून अराल समुद्र कधीच निघून गेला होता, पण दोन देशांचा करार शाबूत होता. दोन्ही काठांवरच्या माणसांनी पाण्याची पातळी मोजायचा आपापला खांब बघायचा, आठ वाजता फोनवर यायचं आणि एकमेकांचं ऐकून कुणी लिहू नये म्हणून आकडा एकदमच बोलायचा. जुळला नाही तर तपासणी. ऐसानेमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तपासणी झाली की नोकरी गेलीच.

आणि आज खांब तीनशे बाराच्या रेघेपर्यंत ओला होता. भोवतीची वाळू मात्र ठणठणीत कोरडी. तिनं बोट लावून चाखलं होतं. खारट.

खोलीतला फोन वाजला.

"आपा, चहा झाला, की समुद्राची वाट बघताय?" पलीकडचा ओरिनबेक रोज हेच विचारायचा. आज त्याचा आवाज बसला होता.

"चेष्टा पुरे. मोज."

"एक. दोन."

तो 'कोरडं'च म्हणणार; तिनंही तसंच म्हटलं की नोकरी वाचत होती. पण एकतीस वर्षांत तिनं खोटा आकडा दिला नव्हता.

"तीन."

"तीनशे बारा," दोघंही एकदम म्हणाले.



"आपा," तो हळूच म्हणाला, "तुमच्या खोलीतही आलंय का?"

खाली बघायचा तिला धीर झाला नाही. तिनं नुसता पाय हलवला. बुटात पाणी वाजलं.