घरापासून घरापर्यंत

दांडी उजवीकडे होती. पुढच्या चाकाच्या मध्यावरची ती बोटभर चंदेरी दांडी — ओढली की चाक सैल, दाबली की घट्ट — ती डावीकडे असायला हवी, आणि ती उजवीकडे होती. म्हणजे सकाळी घाईघाईत आपण चाक उलटं बसवलं. म्हणजे सायकलीतलं थोडंफार कळणाऱ्या कुणीही वाकून पाहिलं, तर त्याला कळणार की हे चाक आज काढलं होतं. आणि घरून सायकल चालवत आलेला माणूस पुढचं चाक कशाला काढेल? पंक्चर... हो, पंक्चर झालं म्हणता येईल. पण मग कुठे झालं, कुणी काढलं, फोन का नाही केला... रेवणसिद्धने चहाचा ग्लास उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि दांडी झाकली जाईल असा, सायकलीच्या उजव्या अंगाला एक पाय पुढे टाकून उभा राहिला.

हिप्परग्याच्या तलावाकाठची टपरी. रविवार, सकाळचे साडेआठ. तामलवाडीपर्यंत जाऊन परत आलेली सहा-सात माणसं घाम पुसत, खिदळत उभी होती, आणि त्यात शिवराजही होता. शिवराज दातांचा डॉक्टर. पण त्याची नजर माणसांच्या दातांपेक्षा इतरांच्या सायकलींवर जास्त फिरायची.

"काय ओ अप्पा," तो म्हणाला, "भवानी पेठेतून सायकलवर येऊन तुमचे बूट आमच्यापेक्षा स्वच्छ कसे काय की?"

"पाय जपून टाकतो," रेवणसिद्ध म्हणाला. सगळे हसले. तोही हसला, जरा जास्तच वेळ.

कारण हे सगळं त्याचंच केलेलं होतं. याच टपरीवर, दर रविवारी, त्याने या लोकांना पिडलं होतं. तुम्ही सायकल गाडीत निजवून आणता, इथं तिला उठवता, वीस किलोमीटर फिरवता आणि पुन्हा निजवून घरी नेता. हे म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास! सायकल म्हणजे घरापासून घरापर्यंत. बावन्नाव्या वर्षी, दिवसभर दुकानात चादरी आणि टॉवेल उलगडून दाखवणारा माणूस हे सांगतो म्हटल्यावर लोक ऐकून घ्यायचे, आणि त्यांनी ऐकून घेतलेलं त्याला फार आवडायचं... हेही खरंच.

मग तो दिवस. चार महिने झाले. हायवेच्या पुलाखाली, शहराकडे परतताना, एक लांबलचक ट्रक शेजारून गेला. लागला नाही. नुसता त्याच्या मागच्या चाकांचा वारा बाहीला लागला आणि रेवणसिद्ध कडेच्या मुरुमात आडवा झाला. कोपराला दोन ओरखडे, बस्स. उठला, कपडे झटकले, घरी आला, नळाखाली कोपर धुतलं, कुणाला काही सांगितलं नाही. पण रात्री अंथरुणावर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. तो ट्रक थांबला नव्हता, कारण ट्रकवाल्याला कळलंच नव्हतं. मी चाकाखाली गेलो असतो तरी कळलं नसतं. सोलापूर मागे टाकून तो तसाच पुढे गेला असता, कुठल्या तरी धाब्यावर जेवला असता.

पुढच्या रविवारी पूल दिसला तसे हात हँडलवर लाकडासारखे झाले. ब्रेकही दाबता येईना. सायकल आपोआप मंदावली म्हणून उतरता तरी आलं. मग ती हातात धरून तो परत फिरला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने गाडी काढली.

"शेवटी अक्कल आली की," सिद्धेश्वरी दारात उभी राहून म्हणाली होती. बायकोला तेवढंच पुरेसं होतं, तिने कारण विचारलं नाही. आणि इकडच्यांना सांगायला तोंड उघडायचं, तेवढं मात्र राहून गेलं. टपरीच्या एक किलोमीटर अलीकडे, बंद पडलेल्या वीटभट्टीमागे गाडी लावायची, चाक बसवायचं, बाटलीतलं पाणी मानेवर शिंपडायचं आणि हाशहुश करत यायचं. सोळा रविवार. माणूस एवढा नेटाने व्यायाम करील तर...

"काका!"

अंकिता होती. गल्लीतल्या प्रभुची मुलगी, चोविशीची, दोन महिन्यांपूर्वीच यायला लागलेली. बाप तिला गाडीतून आणून सोडायचा आणि न्यायला यायचा. आत्ताही प्रभु तिच्यामागे, हातात किल्ली फिरवत उभा होता.

"मी आज गाडीत नाही बसत," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर सायकलवरच येते घरापर्यंत. तुम्ही म्हणता तसं."

"लई दिवस मागं लागली हाय," प्रभु म्हणाला. "एकटीला मी सोडलं नसतं. त्या पुलाखाली काय गाड्या येत्यात, तुमाला म्हाईत हाय. तुमी हाय म्हणून सोडतोय बगा, अप्पा."

"व्हय की. मी आहे ना," रेवणसिद्ध म्हणाला.

वाक्य त्याच्या तोंडून गेलं ते निव्वळ सवयीने. ते परत घ्यायला वेळही होता. प्रभु गाडीपर्यंत चालत गेला, दार उघडलं, आरसा नीट केला, हात हलवला... प्रत्येक वेळी रेवणसिद्धला वाटलं, आता सांगू. गाडी वळणाआड गेली आणि टपरीपुढची धूळ खाली बसली, तरी तो ग्लास धरून उभाच होता.

निघाले. तो पुढे, ती मागे. ती इतकी जवळून येत होती की तिच्या सायकलीच्या साखळीचा आवाज त्याला ऐकू येत होता. तो खड्डा चुकवे तसा ती चुकवे, तो कडेला सरके तशी ती सरके. पाठीवरच्या खिशातली गाडीची किल्ली प्रत्येक पायडलला कमरेवर आपटत होती. गुडघा दुखतोय म्हणावं. नाहीतर फोन आला म्हणावं, पाहुणे आलेत. तू प्रभुला परत बोलावून घे... आणि पुढच्या रविवारी? नाहीतर जावंच पुढे. आज जमेलही, कोण जाणे, सोबत आहे तर जमेल. पण आपल्या हातांना तो ओळखत होता. पुलाखाली हात लाकडाचे होणार, सायकल डगमगणार, आणि त्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्या भरवशावर येणारी ही पोर...

वीटभट्टीचं धुराडं दिसलं. त्याने ब्रेक दाबला. अजून दाबता येत होता.

"काय झालं, काका? गुडघा का?"

गुडघा जिभेवर आलेला होता. तिने तो आयता हातात ठेवला होता, नुसतं हो म्हणायचं होतं. रेवणसिद्ध सायकलीवरून उतरला.

"माझी गाडी तिथं मागं उभी आहे," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. मी सायकलवर येत नाही, अंकिता. चार महिने झाले. गाडीनं येतो, हितं लावतो." मग ट्रक, मुरूम, कोपर, हात — सगळं त्याने सांगितलं, रस्त्याकडे बघत, फार भराभर, मध्ये कुठे थांबलो तर पुढचं यायचं नाही अशा घाईने.

तिने खाली त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. एक ट्रक शेजारून गेला, दोघांचेही कपडे फडफडले.

"मग बाबांना हो का म्हणालात?"

ती चिडली होती, तिचा चेहरा लाल झाला होता, आणि चिडावं असंच ते होतं.

"गाडीत दोन सायकली मावतात?" तिने विचारलं.

"एकच."

दोघंही शहराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिले. पूल अजून दिसत नव्हता, पण त्या बाजूने गाड्यांचा घरघराट येत होता. बाबांना बोलवायचं की इथूनच सायकलवर जायचं, हे अजून ठरायचं होतं.

"आधी ते चाक सरळ करा," ती म्हणाली. "कधीपासून बघतीय, उलटं बसलंय."

म्हणजे टपरीवर आपण पाय टाकून उभे होतो तेव्हा... त्याला लाज वाटली, आणि त्याचबरोबर छातीतलं काहीतरी सैल झालं. त्याने सायकल मुरुमावर उलटी केली आणि दांडी ओढली. पुलाची भीती होती तिथेच होती, तसूभरही कमी नव्हती. पण त्या दिवशी तो मुरुमात पडला होता ते कुणालाच कळलं नव्हतं — ट्रकवाल्याला नाही, बायकोला नाही, टपरीवरच्यांना नाही — आणि आता ते एका माणसाला कळलं होतं. तो चाक फिरवून बसवू लागला. ती समोर उभी राहून बघत होती, आणि या वेळी त्याने दांडी झाकली नाही.