पोटातलं फडकं

बोलतेय मी! इकडे, घराच्या मागे, बाभळीखाली बघा. चारही चाकांतली हवा गेलेली, एक दरवाजा दोरीने बांधलेला, टपावर कोंबड्या बसलेल्या, ती मीच. मी एक जुनी डिझेल व्हॅन. जन्मभर लोकांनी माझा आवाज ऐकला, पण माझं म्हणणं कोणी ऐकलं नाही. त्यामुळे बोलता बोलता आवाज चढला तर चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला वगैरे सांगत बसत नाही. सगळ्यांचा कुठेतरी होतोच. पहिली काही वर्षं मी नांदेडला होते. स्टेशनवरून यात्रेकरूंना गुरुद्वाऱ्याला न्यायचं आणि परत आणून सोडायचं, एवढंच काम. मालक टापटिपीचा होता, रोज मला पुसून घ्यायचा. मग त्याला नवी गाडी आवडली आणि त्याने मला विकून टाकलं. जाताना त्याने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, याचा मला पुष्कळ दिवस राग होता.

मला घेतलं भुजंगने. त्याचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे. घरात बायको गुणाबाई आणि मुलगी पंचफुला. त्याने माझ्या पुढच्या काचेवर स्वतःच्या हाताने ‘जयभीम’ रंगवलं. शेवटच्या ‘म’ला जागा पुरेना, म्हणून तो जरा चेपून बसवला. नुकताच लातूर जिल्हा झाला होता. ज्या कामांना आधी उस्मानाबाद गाठावं लागे, ती आता लातूरला होऊ लागली. कोर्ट म्हणू नका, दाखले म्हणू नका, अख्खं गाव लातूरला निघालं आणि मी त्यांना नेऊ लागले.

भुजंग छाती काढून म्हणायचा, “जिल्हा केला सरकारनं, पण चालवून राहिलो आपण!”

मग दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या. तळाचं पाणी गढूळ आणि त्यात नारूची भीती. नारू आता कोणाला आठवत नाही. पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. गुणाबाईच्या पायातून एकदा निघाला होता. तेव्हापासून तिच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी प्यायलं नाही. तिचं गाळायचं फडकं मांजरपाटाचं होतं, जाडजूड, चौघडी केलेलं, कडेला लाल दोऱ्याची शिलाई. त्या फडक्याला ती कोणाला हात लावू देत नसे.

एका बाजाराच्या दिवशी भुजंगने गावातल्या दुकानातून पिंपातलं डिझेल आणलं. त्यात कचरा दिसला. त्याने गुणाबाईकडे फडकं मागितलं.

“पाण्याचं फडकं हाय ते,” ती म्हणाली.

“अगं, गाडीलाबी नारू झाला तर?” असं म्हणून तो हसला आणि फडकं घेऊन आला. माझ्या टाकीच्या तोंडात त्याने ते खोचलं आणि वरून डिझेल ओतलं. मला तेव्हा बरं वाटलं. आपली एवढी काळजी कोण घेतं!

तेवढ्यात बाजाराला जाणारी माणसं चढायला लागली. कोणी कोंबडी घेऊन, कोणी दोन पोरं घेऊन. भुजंग बसायच्या जागेवरून भांडणाऱ्यांवर ओरडत होता आणि ओरडता ओरडताच डिझेल ओतत होता. डिझेलच्या भाराने फडकं आत सरकलं आणि माझ्या पोटात पडलं. त्याने न बघताच झाकण लावलं आणि गाडी काढली.

माझं दुखणं तिथून सुरू झालं.

टाकीच्या तळाशी एक नळी असते, तिच्यातून डिझेल वर इंजिनाकडे ओढलं जातं. फडकं तळाशी सरकत सरकत त्या नळीच्या तोंडाशी जायचं आणि चिकटून बसायचं. मी गुदमरायचे, धक्के द्यायचे आणि रस्त्यात उभी राहायचे. इंजिन बंद झालं की ओढ थांबायची, फडकं सुटायचं आणि थोड्या वेळाने मी पुन्हा सुरू! लोकांना वाटायचं, गाडी नखरे करतेय. मी ओरडून सांगत होते, टाकी बघा, टाकी. पण माझं ओरडणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती घरघर.

लातूरचा मिस्त्री धोंडप्पा कान लावून म्हणाला, “डिझेलच्या नळीत हवा धरून राहिली.” त्याने हवा काढली. दोन दिवसांनी म्हणाला, “फिल्टर चोंदलाय.” नवा फिल्टर बसवला. मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलले. गॅरेजमध्ये जागच्या जागी चालवताना डिझेल लागतं थोडं, त्यामुळे मी तिथे झकास चालायचे. धोंडप्पा हात पुसत म्हणायचा, “बघ, वाघीण हाय!” आणि गावाच्या रस्त्याला लागलं की वाघीण बसायची.

शेवटी भुजंगने मला ट्रकमागे बांधून नांदेडला नेलं. तिथल्या डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याने माझा पंप उतरवला, उघडला, यंत्रावर लावून बघितला. पंप चांगला होता. चांगला असणारच, त्याला झालं काय होतं? तरीही त्याने आतलं काही बदललं, कारण इतक्या लांबून आलेल्या माणसाला काहीच झालं नाही असं कसं सांगायचं. माझा संताप संताप झाला. माझा एकूण एक भाग खोलला, पण टाकीच्या झाकणाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

इकडे घरात रोजचं भांडण चालूच होतं.

“माझं फडकं कुठं ठिवलंत?”

“तुलाच दिलं की!”

“मला कवा दिलं? लुगड्याच्या पदरानं पाणी गाळून राहिले मी!”

“इथं गाडी बंद पडून राहिली आन् तुला फडक्याचं पडलंय!”

ऐकून माझा जीव तुटायचा. अरे बाबा, ती तुझ्या गाडीचंच बोलून राहिली!

अशातच पंचफुलाला लातूरच्या नव्या कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. कारकुनाची जागा. त्या घरातलं कोणीही तोवर कचेरीत खुर्चीवर बसलेलं नव्हतं. पंचफुला कंदिलाखाली शिकलेली पोरगी, परीक्षेत वर आलेली. मुलाखतीला वेळेवर पोचली नाही तर पुढच्याचं नाव पुकारणार, हे त्या कागदात लिहिलेलं होतं. भुजंग म्हणाला, “आपली गाडी असताना एसटीनं कशाला जायचं?” माझ्या काळजात धस्स झालं.

निघालो तेव्हा उजाडलं होतं. पंचफुला धुवट फिकट निळ्या साडीत, शेजारी गुणाबाई, तिच्या पायाशी पाण्याचा कॅन. नळेगावच्या पुढे मी बसले. भुजंगने इंजिनाजवळचा, डिझेल वर चढवायचा हातपंप मारला, हवा काढली, निघालो. थोडं गेलो आणि पुन्हा बसले. रस्त्यावर दुसरं वाहन नाही, ऊन चढू लागलेलं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा भुजंगने मला लाथ मारली. लाथेचं काही नाही. पण पंचफुला खाली उतरून रस्त्याकडे बघत उभी राहिली, ते मला बघवेना.

गुणाबाईने लेकीला पाणी दिलं आणि म्हणाली, “दमानं पी. पदरानं गाळलंय, माती राहिली आसंल. माझं फडकं आसतं तर...”

“माय,” पंचफुला एकदम वळली, “फडकं कवापासून न्हाई?”

“त्या बाजाराच्या दिशीपासून. ह्यांनी डिझेल गाळाया नेलं.”

“आन् आबा, गाडी पहिल्यांदा कवा बंद पडली?”

भुजंगने टाकीच्या झाकणाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “त्याच दिशी. बाजारातून येताना.”

टपावरचा पत्रा तापून वाजत होता. मला रडू आलं असतं, पण डिझेल वर चढत नव्हतं.

टाकीचं तोंड वाकडं, हात आत जाईना. तार घालून पाहिली, फडकं लागेना. मग भुजंगला सुचलं. टाकीच्या बुडाचा नट काढायचा, डिझेल एखाद्या भांड्यात घ्यायचं आणि रबरी नळी त्या भांड्यातून थेट पंपाला जोडायची. टाकीचा संबंधच नको. पण भांडं कुठलं? जवळ एकच होतं, तो पाण्याचा कॅन.

गुणाबाईने कॅन पोटाशी धरला. दोन कोसांवरून आणलेलं पाणी होतं ते. मग तिने लेकीला पोटभर पाजलं, नवऱ्याला पाजलं, स्वतः प्याली आणि उरलेलं मला पाजलं, रेडिएटरमध्ये. गाळलेलं पाणी! नांदेडच्या टापटिपीच्या मालकानेही मला कधी गाळलेलं पाणी दिलं नव्हतं. मग कॅन उलटा करून उन्हात धरला, आत थेंब राहू नये म्हणून.

पुढचा सगळा रस्ता गुणाबाईने डिझेलचा कॅन मांडीवर धरला. प्रत्येक खड्ड्याला डिझेल तिच्या लुगड्यावर सांडायचं, आणि ती पंचफुलाला म्हणायची, “तू तिकडं सरक, तुझ्या साडीला लागंल.” मी जिवाच्या आकांताने पळाले. कचेरीच्या आवारात शिरलो तेव्हा शिपाई पंचफुलाचंच नाव पुकारत होता. ती धावत आत गेली. तिला जागा मिळाली. त्या कचेरीतूनच ती पुढे मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाली.

माझं काय झालं म्हणता? टाकी कापून फडकं काढायचं, तर आधी ती पाण्याने भरावी लागते, नाहीतर आत साठलेला डिझेलचा गॅस कापताना पेट घेतो. दुष्काळात टाकीभर पाणी कोण देणार? भुजंग म्हणाला, “पाऊस पडू दे.” पाऊस पडला, तेव्हा म्हणाला, “आता चालून राहिली की.” आणि मी तशीच चालले, जन्मभर, सीटशेजारी डिझेलचा कॅन ठेवून. गुणाबाई दरवर्षी विचारायची, तो दरवर्षी “बघू” म्हणायचा. बघता बघता तो गेला आणि मी या बाभळीखाली आले.

आज सकाळी भंगारवाला येऊन गेला. मला चारी बाजूंनी ठोकून बघितलं. गुणाबाई काठी टेकत बाहेर आली.

“आजी, गाडीत काई ठिवलंय का? उद्या कापाया नेतो,” त्याने विचारलं.

“टाकीत माझं फडकं हाय,” ती म्हणाली. “तेवढं काढून दे, मंग ने.”

तो माझ्याकडे बघून हसला. म्हातारीला चळ लागलाय असं त्याला वाटलं.

हसू नको रे बाबा. उद्या टाकी पाण्याने भर, जपून काप आणि आत बघ. मांजरपाटाचं आहे, कडेला लाल दोरा आहे. ती खरं बोलतेय. ती पहिल्या दिवसापासून खरंच बोलतेय.