बाबांच्या वाट्याचं जेवण

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुमच्या शरीरात एक वस्तू दोन-दोन आहे आणि त्यातली एक दिली, तर तुमच्या बहिणीचा जीव वाचणार आहे. द्याल ना? आता समजा डॉक्टर म्हणाले, "जरूर द्या, पण आधी नऊ किलो वजन उतरवा." मग काय कराल? घाई कराल. मुंगीच्या बाबांनीही तेच केलं.

मुंगी नऊ वर्षांची. तिच्या आत्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर शुद्ध करावं लागे. तिथून आली, की भिंतीला धरत धरत ती पलंगापर्यंत पोचायची. बाबांची किडनी तिला जुळत होती. वजन तेवढं आडवं आलं होतं.

"महिन्याला दोन किलो उतरवा. पाच महिन्यांत होईल," डॉक्टर म्हणाले होते.

"पाच महिने माझी तायडी सुया टोचून घेणार?" बाबा दुकानात येऊन पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणा ओळखीच्याकडून वजन उतरवायच्या पुड्यांचं खोकं आणलं. दिवसाला तीन पुड्या पाण्यात ढवळून प्यायच्या, बाकी अन्नाचा कण नाही. एकवीस दिवसांत काम फत्ते!

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे मापात कापून द्यायचे. शाळा सुटली, की मुंगी तिथेच येई. आई पहाटेच कामावर जायची, म्हणून बाबांचा डबा आत्या भरायची. मध्येच खाली बसून, दम खाऊन, पुन्हा उठून. तो डबा आता बाबा मुंगीपुढे सरकवू लागले.

"संपव. आणि घरी अवाक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"दादाचा डबा हल्ली कसा चाटूनपुसून येतो!" आत्या खुशीत म्हणायची. "आणि ही मुंगी मात्र दोन घासांत उठते. पोटात हत्ती शिरलाय का गं?"

मुंगी मान खाली घालायची.

बाराव्या दिवशी बाबांनी पट्टी धरून काचेवर काच कापायची हिरकणी ओढली, आणि रेघ वाकडी गेली. काच भलतीकडेच तडकली. बाबा मटकन स्टुलावर बसले. कपाळावर घाम.

"बाबा, तुझी रेघ कधी वाकडी जात नाही."

"काही नाही गं. पाच किलो उतरलोय, माहितेय?"

दुसऱ्याच दिवशी बाबा, आत्या आणि मुंगी तपासणीला गेली. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दोनदा वाचला.

"वजन उतरलंय, पण रक्ताचे रिपोर्ट बिघडलेत. किडनीवर ताण दिसतोय. असंच राहिलं तर तुमची किडनी घेता येणार नाही. जेवता काय?"

"सगळंच. थोडं थोडं."

"डबा मी स्वतः भरते, बाई," आत्या म्हणाली. "एक शीत उरत नाही."

मुंगीचे कान तापले. तिनं कबूल केलं होतं. पण शेजारीच आत्याचा हात होता, सुयांनी काळानिळा झालेला.

"डबा मी खाते," ती म्हणाली. "बाबा नुसत्या पुड्या पितो."

आत्या बाबांकडे वळून म्हणाली, "दादा, अरे तूच आडवा पडलास तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"तुझे हाल बघवत नाहीत गं."

"म्हणून माझ्या हातचं टाकून पुड्या ढोसल्यास?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "उपाशी ठेवलं, की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. आणि पुड्या थांबल्या, की वजन परत येतं. अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ नाहीतर अंडी, पाव ताट भात. गोड, तळलेलं क्वचित. रोज चालायचं, वेळेवर जेवायचं. रिपोर्ट सुधारले तर पाच महिन्यांनी पुन्हा बघू."

"म्हणजे बारा दिवस वाया?"

"वाया गेले असते तर बरं. उलटे गेलेत."

बाबांनी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी आत्यानं बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं ताट वाढलं. बाबांनी घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि परत ठेवला.

"वजन वाढलं तर?" ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, ताटातल्या भाताला भ्याला होता. "तायडे, माझ्यामुळे आणखी उशीर झाला तर?"

आत्यानं तोंड फिरवलं.

मुंगीनं आपलं ताट उचललं, बाबांच्या गुडघ्याला गुडघा टेकवून बसली आणि एक घास हातात तसाच धरून ठेवला.

"तू घे, मग मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हळूहळू घास तोंडात घातला. मग तिनं तिचा खाल्ला, दुसरा उचलला, आणि हात तोंडाशी न नेता बाबांची वाट बघत बसली.