हे नाव दुसरीकडे चालणार नाही

ओरडून घेण्याचा पगार कुणी देतं का? तिला देत होते, आणि तोही वेळेवर! ऑफिसात तिचं नाव 'कुरापत' पडलं होतं आणि कामही तेच होतं, मुद्दाम चुका करून एका प्रोग्रामला चिडवायचं.

मेकफाइल म्हणजे कशापासून काय बनवायचं याची कॉम्प्युटरला लिहून दिलेली कृती. तिच्यात जागोजागी नावं असतात. एखादा शहाणा फक्त आपल्याच मशीनला कळेल असं भलतंच नाव ठेवून मोकळा होतो. त्याच्याकडे सगळं सुरळीत, दुसऱ्याच्या मशीनवर नुसती बोंब! म्हणून हा प्रोग्राम आधीच इशारा द्यायचा, 'हे नाव दुसरीकडे चालणार नाही.' कुरापत दिवसभर त्याच्या पुढ्यात वेडीवाकडी नावं टाकायची. ओरडला की हिरवी खूण. गप्प बसला की चाचणी नापास.

"गप्प बसला तर बरंच की," नवे साहेब म्हणाले.

"साहेब, गप्प बसतो तोच घात करतो," कुरापत म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. साहेबच ते.

घरी बाबा होते. आजारपणानंतर त्यांचे शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. चष्म्याला ते पोपट म्हणायचे, पाण्याला कुलूप. गोळ्या म्हणजे पाहुणे. "पाहुणे गिळले," असं ते रोज समाधानाने सांगायचे आणि शेजारीण घाबरून दार लावून घ्यायची. कुरापतला मात्र सगळं पाठ होतं. शिवाय एक शब्द तरी जागेवर होता. संध्याकाळी ती दारात आली की बाबा खुर्चीतून ओरडायचे, "छत्री आली!" ती पिशवीतली छत्री काढून दाखवायची. "आली हो बाबा, हरवली नाही." कडक उन्हाळ्यातसुद्धा. छत्रीला तरी ते छत्रीच म्हणतात, याचं तिला फार बरं वाटायचं.

पण डॉक्टरांनी जिने बंद केले आणि कुरापतचं घर होतं वरच्या मजल्यावर. दादाचं तळमजल्यावर. बाबांनी तिकडे जायचं ठरलं नि तिची झोप उडाली. तिथे यांना वेळेवर पाणी तरी मिळेल का? शेवटी तिने तेच केलं जे तिला येत होतं. दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना समोर बसवलं.

"कुलूप दे रे," बाबा म्हणाले.

"हो हो, देतो की!" दादा हसला.

"आणि पोपट?"

"आहे आहे, सगळं आहे!"

कुरापतने डोळे बारीक केले आणि बाबांनी कधीच न वापरलेला एक शब्द टाकला. "दादा, बाबांना सकाळी उठल्यावर थोडं इंजिन लागतं हं."

"हो हो, आणून ठेवतो."

नापास! साफ नापास! बाबासुद्धा दादाकडे कीव आल्यासारखे बघत होते. तेवढ्यात वहिनीने फोन हिसकावला.

"कसलं इंजिन? मला असलं काही कळत नाही, आधीच सांगते. इथे असं चालणार नाही. बाबा, कुलूप म्हणजे काय ते नीट सांगा."

बाबांनी ओठांशी हात नेला.

"पाणी होय! मग तसं बोला की!"

"वहिनी, तुम्ही पास!" कुरापत जवळजवळ नाचली.

"मी कधी परीक्षा दिली गं?" वहिनी उखडली.

इतकी वर्षं कुरापत त्या जिभेला टरकून होती. आता तिच्याच भरवशावर तिने बाबांची बॅग भरली.

पहिल्याच आठवड्यात दुपारी ऑफिसात वहिनीचा फोन आला. समोर चाचण्या चालू होत्या, एकामागून एक हिरव्या खुणा पडत होत्या.

"पोपट कळला, पाहुणे कळले. आता ते छत्रीचं काय ते सांग. संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून बसतात. 'छत्री आली का? छत्री आली का?' काल घरातल्या सगळ्या छत्र्या पुढ्यात मांडल्या. एकेक उघडून बघितली, बाजूला ठेवली आणि रडले गं. यांनी 'हो हो, आली' म्हटलं तर जास्तच चिडले. छत्री म्हणजे काय?"

कुरापतची नजर पिशवीतल्या छत्रीवर गेली.

"वहिनी, मी कधी विचारलंच नाही हो. मी दारात आले की ते 'छत्री आली' म्हणायचे आणि मी रोज नुसतं 'आली' म्हणायचे."

पलीकडे वहिनीचा आवाज चक्क खाली आला. "अगं बाई. म्हणजे तू."

"हो."

"मग बसलीस काय? संध्याकाळ व्हायच्या आत ये."

कुरापतने कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला. पिशवी उचलली, आतली छत्री काढून टेबलावर ठेवली आणि निघाली.