पितळी घोड्यांचे डोळे

कुशाबांनी आयुष्यभर देवच घडवले. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता, आणि देव्हाऱ्यातले टाक ठोकून घ्यावेत तर कुशाबांकडूनच, असं परळपासून गिरगावापर्यंत बोललं जायचं. पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून उठाव आणायचा, की खंडोबा घोड्यावर बसून हजर. म्हणूनच पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात एक स्वीडिश मडम गाळ्यात आली आणि तिने पिशवीतून लाल लाकडी घोडा काढून समोर ठेवला, तेव्हा कुशाबांचा पहिला प्रश्न होता, "ह्याच्यावर बसणारा कुठाय?"

मडमेबरोबर तिच्या नवऱ्याच्या कचेरीतली टायपिस्ट उर्मिला होती, गिरगावातल्या पाठारे प्रभूंची मुलगी. तिच्या घरचे टाक पाहूनच मडम इथवर आली होती. उर्मिलेने समजावून सांगितलं, की ह्यांच्या मुलखात नाताळच्या झाडाला असे घोडे, देवदूत आणि गवताचे बोकड टांगतात. गवताचे बोकड मुंबईच्या दमट हवेत बुरसून गेले, म्हणून आता सगळंच पितळेचं हवं. चोवीस नग. आणि घोड्यावर कोणी बसत नाही.

"बसत नाही म्हणजे?" असं पुटपुटत कुशाबांनी नमुन्याचा घोडा ठोकायला घेतला. पन्नास वर्षं हाताला जे वळण पडलं, ते एका मडमेसाठी थोडंच बदलणार! तीन दिवसांनी नमुना तयार झाला तेव्हा घोड्यावर खंडोबा विराजमान होता, तलवारीसकट. मडम सभ्य बाई. तिने तो उलटसुलट पाहिला, छान म्हणाली, आणि ह्या गृहस्थांना खाली उतरवता येईल का, असं उर्मिलेकरवी हळूच विचारलं.

कुशाबा रुसले. "रिकामा घोडा माझ्याच्यानं व्हायचा नाही. सूनबाई, तू ठोक. खेळणीच तर आहेत."

यशोदा चुलीपाशी होती. तिला वाटलं, आपण चुकून ऐकलं. नऊ वर्षं ती ह्या घरात चिंच लावून टाक उजळत आली होती, पण हातोडीला हात लावायची सोय नव्हती. देवाच्या कामात बाईमाणसाचा हात नको, हा घरचा नियम. तिचा नवरा जगदीश सात वर्षांपूर्वी हातोडी टाकून गिरणीत लागला, तेव्हापासून त्याची बैठक रिकामीच होती. उजळता उजळता यशोदेनं मात्र सासऱ्यांचा एकूण एक ठोका नजरेनं टिपून ठेवला होता.

ती बसली आणि उठायचं विसरली. पहिले दोन घोडे गाढवासारखे झाले, तिसरा घोडा झाला. लाकडी घोड्याच्या पाठीवर रंगवलेला एक वेल होता. उर्मिला म्हणाली, हा त्यांच्याकडचा भोपळ्याचा वेल आहे. यशोदेला हसूच आलं. भोपळ्याचा वेल तिला कोणी शिकवायला नको होता. कोकणात माहेरच्या परसात तो छपरावर चढायचा. मग तिने मडमेचा वेल बाजूला ठेवला आणि आपल्या परसातला घोड्यांच्या पाठीवर चढवला. असा आनंद तिला लग्नात झाला नव्हता, आणि ही गोष्ट तिने स्वतःशी कबूलही केली.

राहिले ते डोळे. टाकाचे डोळे सगळ्यांत शेवटी, घरातल्या कर्त्या पुरुषाने, आंघोळ करून, एकाच ठोक्यात उघडायचे असतात. दुसरा ठोका पडला की नजर फिरते. "खेळणी असली म्हणून काय झालं," कुशाबा म्हणाले, "डोळे उघडले की वस्तू नुसती वस्तू राहत नाही. ते मी उघडीन."

पण झालं वेगळंच. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारापासून लालबाग धुमसत होतं. डिसेंबरात एके दिवशी म्हातारा बंदी मोडून मोर्चात शिरला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून ओरडला आणि पोलिसांच्या गाडीत बसून गेला. दहा दिवस झाले तरी सुटकेचा पत्ता नाही. इकडे मडम दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला येणार, आणि फळीवर चोवीस आंधळे जीव ओळीने पडलेले.

"तुम्ही उघडा," यशोदा नवऱ्याला म्हणाली. जगदीश आंघोळ करून बसला. पहिल्याच ठोक्याला डोळा उमटवायचा ठसा घोड्याच्या डोक्यातून आरपार गेला. त्याने हातोडी खाली ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूच कर. मी दार लावतो."

भर दुपारी दार लावून यशोदेनं ठसा हातात घेतला. तिला भीती वाटत होती, देवाची थोडी आणि सासऱ्यांची फार. तरी एकदा ठोका पडला आणि बोकडाने तिच्याकडे पाहिलं, तशी भीती गेली. जगदीशनं बिघडवलेला घोडाही तिने संध्याकाळच्या आत नव्याने घडवला.

सकाळी कुशाबा सुटून आले, दाढी वाढलेली, आवाज बसलेला. चहाही न घेता त्यांनी एक घोडा उचलून दारातल्या उजेडात धरला. मग दुसरा. मग देवदूत.

"डोळे कुणी उघडले?"

यशोदेला बोलणी बसू नयेत म्हणून जगदीश झटकन म्हणाला, "मी, आबा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. "सात वर्षं वाट पाहिली रे! सोड ती गिरणी. हा हात गिरणीत घालवायचा नाही." जगदीश मान खाली घालून उभा. यशोदेला रडू येत होतं, आणि रागही. ती पितळ पुसत राहिली.

मडम आली. एकेक नग तिने उजेडात फिरवून पाहिला. मग तिने काही विचारलं. उर्मिला म्हणाली, "हे कोणी केलं, विचारतायत. दरवर्षी त्याच हाताचं काम हवंय त्यांना."

कुशाबांनी जगदीशचं मनगट धरून त्याला पुढे केलं.

"मी केलं," यशोदा म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने. "मामंजी, डोळेसुद्धा मीच उघडले. ह्यांनी मला सांभाळून घेतलं."

जगदीशनं मान डोलावली. कुशाबांच्या हातातून त्याचं मनगट सुटलं. म्हातारा एकदम थकल्यासारखा दिसू लागला. त्यांनी बोकड उचलला, अंगठ्याने त्याचा डोळा चाचपला.

"पोरगा परत आला असं वाटलं होतं गं सकाळपासून."

"ठाऊक आहे मला."

"खोल नाही, उथळ नाही. माझासुद्धा ठोका आता इतका साफ पडत नाही. ते बघूनच तर मला आनंद झाला. आता कसं सांगू, ह्या डोळ्यांचा आनंद किती झाला नि पोरगा परतल्याचा किती?"

"सांगू नका," यशोदा म्हणाली. "पण झालेला आनंद परत घेऊ नका, मामंजी."

कुशाबांनी बोकड पुन्हा एकदा उजेडात धरला. मग त्यांनी तो मडमेच्या हातात दिला आणि उर्मिलेकडे वळले.

"बाईंना सांगा, आमच्या सुनेचं काम आहे. यशोदा नाव तिचं. नीट लिहून घ्या म्हणावं."