कुलूपकाकांचा शेवटचा पासवर्ड

रुग्णालयाच्या सर्व्हर रूममधल्या बुजुर्गांना सगळे कुलूपकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. कुलूप लावलं की ओढून बघायचं, ही त्यांची जुनी खोड. कुणी नोकरी सोडली की काका त्याचं खातं बंद करत आणि त्यालाच खुर्चीत बसवून त्याचा पासवर्ड टाकायला लावत.

"आम्ही काय चोर आहोत का?" असं म्हणून माणसं फुगायची.

"चोर नाही हो, पण आता पाहुणे झालात," काका हसत सांगायचे.

त्यांच्या हाताखाली शिकलेली धाकटी शेजारच्या स्टुलावर बसून मनातल्या मनात कपाळाला हात लावायची. आज ती खोली तिच्याच ताब्यात आहे, आणि काकांची ती खोड आठवली की तिचा जीव गलबलतो.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं उरकून काका खाली आले.

"धाकटे, माझं खातं बंद केलंस?"

"केलं, काका."

"बघू."

खुर्चीवरची दबलेली उशी नेहमीसारखी थोपटून ते बसले. पहिल्या मशीनने ओळख दाखवली नाही. दुसऱ्यानेही नाही. पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली मशीन्स एकेक करून तोंड फिरवत होती आणि काका दर वेळी "शाबास" म्हणत होते. धाकटीला बघवेना.

कोपऱ्यातलं बॅकअपचं मशीन मात्र उघडलं.

काका थांबले. "हे राहिलंय, की ठेवलंयस?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "ठेवलंय. कधी काही अडलं, तर तुम्ही घरून..."

एवढ्या रुग्णांचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी. काकांशिवाय हे आपल्याला झेपायचं नाही, म्हणून तिने ते एक खातं उघडं ठेवलं होतं.

आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं. काका नुसते उठले. "बैस इथे."

त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली. डोळे पुसत तिने ते खातंही बंद केलं. काकांनी उभ्याउभ्याच वाकून पासवर्ड पुन्हा टाकला. आत जाता आलं नाही.

"आता कसं!" म्हणताना त्यांचा आवाज जरा चिरकला. "अडलं तर फोन कर. मी सांगेन, पण करायचं तूच."

किल्ली तिच्या हातात देऊन ते बाहेर पडले. तिने आतून दार लावून घेतलं.

दाराची मूठ बाहेरून एकदा हलली. दार नीट लागलंय का, ते काका ओढून बघत होते.